अक्कांची बिडी

माणसाच्या अंगात तो स्वतः सोडून आणखी कोण कोण मुक्कामाला असतं, हे नुसत्या बोटांनी चाचपून सांगणारी एकच व्यक्ती मला उभ्या आयुष्यात भेटली, आणि ती म्हणजे बंगळुरातल्या आमच्या घरमालकांच्या थोरल्या भगिनी. त्यांचं खरं नाव रेशनकार्डावर असेल. बाकी आमचं सगळं जयनगर त्यांना अक्का म्हणे. घरमालक, घरमालकांची सून, दूधवाला, इतकंच काय, अक्कांहून वयाने चांगले मोठे असलेले समोरचे निवृत्त जजसाहेबसुद्धा. साठी ओलांडलेली, बुटकी, रुंद बांध्याची बाई. कडक इस्त्रीची सुती साडी, तिच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, आणि एखाद्या लग्नघरच्या आचाऱ्याला शोभतील असे हात. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी ड्राफ्ट्समनची नोकरी धरून पुण्याहून तिथे गेलो आणि त्यांच्या घराचा वरचा मजला भाड्याने घेतला. मी आणि माझा मेहुणा टेम्पोतून लोखंडी कपाट उतरवत होतो, तेवढ्यात मागून कुणीतरी माझ्या मानेवर हात ठेवला. हात गरम होता आणि अजिबात हलत नव्हता. "झाडावरनं पडला होता काय तुम्ही?" मागून आवाज आला. "उजव्या कुशीवर. लहान होता. घरात सांगितलं नाही." शाळेत असताना मी जांभळीवरून पडलो होतो, आणि मार बसेल म्हणून ही गोष्ट मी आजतागायत कुणालाही सांगितली नव्हती. माझ्या हातून कपाट सुटलं ते मेहुण्याच्या पायावर. अक्कांनी त्याच्याकडे एकदाच बघितलं, म्हणाल्या, "हे मोडलंय. हे माझं नव्हे," आणि त्याला रिक्षात घालून हाडांच्या डॉक्टरांकडे रवाना केलं. आपलं काय आणि आपलं काय नव्हे, हे त्यांना पक्कं माहीत असे.

त्यांचं जे काही होतं त्याला ऑस्टिओपॅथी म्हणतात, हे फाटकावरच्या पाटीवर तीन भाषांत लिहिलेलं होतं आणि तिन्ही भाषांत ते कुणालाही कळत नव्हतं. तरुणपणी नवऱ्याबरोबर त्या लंडनला गेल्या, तिथे नवरा वारला, आणि माहेरी परत न येता त्या तिथल्या कॉलेजात ही विद्या शिकून, बरीच वर्षं प्रॅक्टिस करून मग जयनगरला परतल्या. अर्ध्या गल्लीने पाटी होमिओपॅथी अशी वाचली. ते लोक साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या मागायला येत. समजावून सांगून थकल्यावर अक्कांनी एक बरणी खडीसाखर आणून ठेवली आणि मागेल त्याला देऊ लागल्या; तिचाही बऱ्याच जणांना गुण आला. भाजीवालीची समजूत अशी, की बाई ऑस्ट्रेलियातून आल्यात. खरं म्हणजे अक्कांचं सांगणं अगदी सोपं होतं. शरीर हे एक घर आहे, दिवाणखाना सुटा आणि स्वयंपाकघर सुटं असं त्यात नसतं. हाडं, स्नायू, त्यांच्यावरची आवरणं, रक्ताची ये-जा, श्वास, सगळं एकमेकांत गुंतलेलं. एका खोलीत दार अडलं की तिसऱ्या खोलीत भिंत तडकते. हातांनी ते अडलेलं दार शोधायचं, हळूच मोकळं करायचं आणि बाजूला व्हायचं. पुढचं काम शरीर स्वतः करतं. गुडघा दुखतो म्हणून आलेल्या माणसाची त्या कंबर धरून बसत, आणि तो मनात म्हणे, आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. "दुखतो तो ओरडणारा," अक्का म्हणत. "चोर दुसरीकडे असतो की."

सगळेच बरे होत असं नाही, आणि त्या तसं म्हणतही नसत. पोटरी दुखते म्हणून आलेल्या एका बाईंच्या पायावर हात ठेवताक्षणी त्यांनी उचलला आणि तिला तडक इस्पितळात धाडलं. रक्ताची गुठळी निघाली. पण ज्यांना गुण येई त्यांना तो जरा अंगावर काटा आणूनच येई. एका बँकेतले कॅशियर कायम डोकं दुखतं म्हणून आले. अक्कांनी डोक्याला हात न लावता त्यांचा जबडा धरला, डोळे मिटले, आणि बऱ्याच वेळाने विचारलं, "कुणाला बोलायचं राहिलंय?" कॅशियर आधी हसले आणि मग त्यांना रडू कोसळलं, धाकट्या भावाशी त्यांनी कैक वर्षांपूर्वी अबोला धरला होता. लग्नसमारंभात अक्कांच्या शेजारी बसणं हा तर एक अनुभवच. एकदा नवरा मुलगा मांडवात येताना त्या माझ्या कानात कुजबुजल्या, "उजवा पाय मागं ओढतोय बघा. ह्याच्या मनात नाही हे लग्न." ते लग्न मोडलं असं सांगितलं तर गोष्ट रंगेल, पण ते उत्तम चाललंय, नवऱ्याला फक्त नवे बूट चावत होते. अक्कांना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग बूट तसले का घेतले, ते विचारा."

त्यांची खोली तळमजल्यावर, आमच्या जिन्याला लागून होती. खिडकी थेट जिन्यावर उघडायची, आणि खिडकीत राव उभे असत. राव म्हणजे अक्कांनी कॉलेजच्या दिवसांत मिळवलेला, लंडनहून पेटीत घालून आणलेला खराखुरा सांगाडा. वर पंखा लागला की राव हात हलवत, आणि कातरवेळी जिना चढणारा नवा माणूस उरलेल्या पायऱ्या एका दमात चढून जाई. अक्का रावांविषयी घरातल्या माणसासारखं बोलत. "हमाल असणार हो हे. उजव्या खांद्याचं हाड बघा कसं जाड झालंय. ओझं उतरवून किती वर्षं झाली, खांदा तसाच आहे." असं म्हणून त्या त्या खांद्यावरून हात फिरवत, आणि मला उगीचच वाटे की आता खांदा खाली येईल.

आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. बंगळुरात ह्या आयुधपूजेचा थाट काही औरच. बसगाड्या, रिक्षा, कारखान्यातली यंत्रं, सगळ्यांना हार पडतात, रस्तोरस्ती कोहळे फुटतात, आणि त्या दिवशी आयुधाला कामाला लावत नाहीत. अक्कांचं आयुध म्हणजे त्यांचे हात. तेव्हा सकाळी न्हाऊन झालं, की घरमालकांची सून त्यांच्या दोन्ही हातांना हळदकुंकू लावी, मांडीवर केळीच्या पानावर ते हात ठेवी, वर शेवंतीची फुलं वाही, आणि दिवसभर अक्का त्या हातांनी कशालाही शिवत नसत. जेवण सुनेने भरवायचं, कॉफी सुनेने पाजायची, नाकावर बसलेली माशी सुनेने हाकलायची. सून स्कूटरच्या पूजेला गेली, की माशीचं राज्य.

अक्कांची मराठी हा आणखी एक चमत्कार. तीनशे वर्षांमागे फौजेबरोबर आलेलं हे घराणं. त्यांच्या मराठीने वाटेत कानडीशी सोयरीक केली ती कायमची. गडी माणूस दिसला की तो अण्णा, म्हणजे थोरला भाऊ. 'निधान' म्हणजे सावकाश. त्या हात ठेवून "निधान, निधान" म्हणू लागल्या, की मी आता निदान सांगणार म्हणून कान टवकारून बसे, आणि निदान कधीच येत नसे. आणि 'बिडी' म्हणजे सोडा. जाऊ द्या, असू द्या, ह्यालाही तेच. आखडलेला माणूस टेबलावर निजला, की खोलीतून एकच मंत्र ऐकू येई, "बिडी... स्वल्प बिडी..."

माझी आई गेली, त्याच्या पुढच्या पावसाळ्यानंतर मी वडिलांना आमच्याकडे घेऊन आलो. आमच्या घरात वडिलांनाही अण्णाच म्हणत. बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. उभा जन्म गवंड्यांच्या भिंतींना ओळंबा लावण्यात गेला. भिंत बोटभर कललेली दिसली तरी पाडायला लावत. तेच अण्णा आता डावीकडे कलले होते. डावा हात कोपरात दुमडलेला, अंगापासून जरासा दूर. पाठीवर निजता येत नसे, आडवं झालं की श्वास अडे, म्हणून खुर्चीत बसल्या बसल्या डुलक्या काढत. पुण्यात आणि बंगळुरात मोठमोठ्या डॉक्टरांनी हृदय, फुप्फुसं, सगळं तपासलं, सगळं ठीक निघालं. आणि अण्णा मात्र आमच्या डोळ्यांदेखत झिजत चालले होते. झोप नाही, जेवण दोन घास. हे असंच चाललं तर आईच्या मागोमाग हेही जाणार, अशी मला धास्ती बसली होती.

ते आले त्या दुपारी मी ट्रंक घेऊन पुढे गेलो आणि अण्णा मागून जिना चढून आले. संध्याकाळी अक्कांनी मला खिडकीतून हाक मारली. "बाईंनाही खाली कॉफीला बोलवा की. दमल्या असतील प्रवासानं."

"कोण बाई? ही तर इथेच होती."

"तुमच्या बायकोची पावलं मला पाठ आहेत हो. अण्णांबरोबर आल्या त्या. एकेक पायरी चढत होत्या, अण्णा थांबत होते त्यांच्यासाठी."

"अक्का, अण्णा एकटेच आलेत. आई जाऊन वर्ष होत आलं."

अक्का दचकल्या नाहीत. रावांचा हलणारा हात त्यांनी धरून थांबवला, "सरी," म्हणजे बरं, एवढंच म्हणाल्या आणि खिडकी लोटून घेतली. मी मात्र वर जाताना दोनदा मागे वळून बघितलं. दुसऱ्या दिवशी अण्णा फिरून आले तेव्हा मी खाली उभा राहून ऐकलं. एक पाऊल पडे, मग थांबणं, मग काहीतरी घासत वर यावं तसा आवाज, मग पुन्हा थांबणं. डोळे मिटले तर दोघंच. माझ्या बायकोने त्या दिवसापासून जिन्यातला दिवा भर दुपारीही चालू ठेवायला सुरुवात केली.

अक्कांकडे जायला अण्णा तयार होईनात. "हाडवैद्य नको, आणि बाईमाणूस तर नकोच," असा निकाल देऊन ते मोकळे झाले. पण एकदा जिन्यावर अक्का म्हणाल्या, "बन्नी अण्णा, आत या," आणि ते विरघळले. बाईंनी आपलं घरातलं नाव विचारून ठेवलंय, केवढी ही अगत्याची रीत, असं त्यांना वाटलं. अक्का फुलवाल्यालाही अण्णाच म्हणतात हे त्यांच्या कानांवर पडलं तेव्हा ते टेबलावर निजलेले होते आणि उठायची सोय नव्हती. पाठीखाली तीन उशा देऊन अक्कांनी त्यांना अर्धवट आडवं केलं होतं. एक हात डाव्या बरगड्यांखाली, दुसरा छातीवर. बराच वेळ झाल्यावर त्या हळूच म्हणाल्या, "बिडी, अण्णा."

"मी ओढत नाही," अण्णा डोळे न उघडता म्हणाले.

"स्वल्प बिडी."

"स्वल्पसुद्धा नाही. उभ्या आयुष्यात शिवलो नाही."

वर आल्यावर ते मला म्हणाले, "बाई चांगल्या घरातल्या आहेत, हात देवाचा आहे, पण हे व्यसन वाईट." मी कारखान्यात जायच्या घाईत होतो, हा घोटाळा माझ्या ध्यानातच आला नाही. पुढच्या खेपेला मी सोबत गेलो, तर अण्णांनी खिशातून वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढून मोठ्या अदबीने अक्कांच्या टेबलावर ठेवलं. कोपऱ्यावरच्या दुकानातलं विड्यांचं बंडल होतं ते. "आपण एवढं करता, काही घेत नाही, निदान हे तरी," अण्णा म्हणाले. अक्का आधी बंडलाकडे बघत राहिल्या, मग स्टुलावर बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईतो हसल्या. "अय्यो अण्णा! बिडी म्हणजे सोडा हो! ओढायची नव्हे. सोडा! एवढं घट्ट धरून ठेवलंय ते सोडा म्हणत होत्ये मी!"

मी हसलो. अण्णाही हसायला गेले, पण ते हसू तोंडावर आलंच नाही. ते टेबलाच्या कडेला बसले होते, डावा हात तसाच दुमडलेला. त्या हाताकडे बघत ते म्हणाले, "सोडलं तर ती पडेल."

मग अण्णा आपण होऊनच बोलू लागले. शेवटच्या दिवसांत आईला पलंगापासून मोरीपर्यंत तेच डाव्या हातावर घेऊन चालवत. एकदा हात सैल पडला, आणि ती पडली. फार लागलं नाही, पण त्यानंतर तिने अण्णांच्या दंडाला असं धरलं की बोटं उमटत. "तेव्हा ठरवलं, आता काही झालं तरी हात सैल करायचा नाही," ते म्हणाले. मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी रावांकडे बघत राहिलो.

अक्कांनी अण्णांना पुन्हा उशांवर टेकवलं आणि हात होते तिथे ठेवले. "सरी. मग सोडू नका," त्या म्हणाल्या. "बसवा त्यांना." आणि बुटाच्या टोकाने त्यांनी कोपऱ्यातली वेताची खुर्ची टेबलाला लागून ओढली. "खुर्ची आहे इथं. उभ्या उभ्या किती दिवस राहतील? निधान, अण्णा. निधान."

अण्णांचा डावा हात हलला. आजारी माणसाला बसवताना आपण जसं आधी पाठीमागे बघतो, खुर्ची आहे ना याची खात्री करतो, मग भार तोलत तोलत खाली आणतो, तसा तो हात खाली आला. अगदी खाली येऊन थांबला. मग बोटं एकेक करून उघडली. खुर्ची करकरली. वेताच्या खुर्च्या करकरतातच, बंगळुरच्या दमट हवेत जरा जास्तच, असं मी स्वतःला बजावलं. अण्णांच्या छातीतून एक लांब श्वास निघाला, इतका लांब की तो संपेपर्यंत मी माझा रोखून धरला होता. अक्कांनी एकेक करून उशा काढून घेतल्या. अण्णा पाठीवर झोपले आणि घोरू लागले. मी खुर्चीत टेकायला गेलो, तर अक्का हळू आवाजात म्हणाल्या, "तिथं नको." मी जमिनीवर बसलो.

एका दिवसात चमत्कार झाला नाही. पुढे कितीतरी आठवडे अक्का त्यांच्या बरगड्या, पाठ, मान थोडी थोडी मोकळी करत राहिल्या, श्वास पोटापासून घ्यायला शिकवत राहिल्या, आणि रोज चालायला लावत राहिल्या. अण्णा पलंगावर झोपू लागले, पोळी मागून घेऊ लागले, आणि आमच्या बाल्कनीची भिंत ओळंब्यात नाही असं घरमालकांना ऐकवू लागले. मग एका संध्याकाळी मी घरात बसलेलो असताना जिन्यावर पावलं वाजली. सरळ, एकामागून एक, एकाच माणसाची. खालून अक्कांचा आवाज आला, "एकटेच आलात, अण्णा?" आणि अण्णा म्हणाले, "एकटाच." मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण माझ्यापुरती आई खऱ्या अर्थाने त्या संध्याकाळी गेली. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडून घेतलं.

पुढच्या आयुधपूजेला अक्कांना कॉफी अण्णांनी पाजली. सून स्कूटरच्या पूजेत गुंतली होती, आणि माशी जागेवरच होती. अण्णांनी पाजली ती डाव्या हाताने वाटी हनुवटीखाली धरून, उजव्या हाताने पेला ओठांना लावून, एक थेंबही न सांडता. आजारी माणसाला पाजायची त्यांना सवय होती. अक्का म्हणाल्या, "साखर स्वल्प कमी आहे," आणि अण्णा निमूटपणे साखर आणायला गेले. तेव्हापासून आम्ही तिथे होतो तोवर दर वर्षी ते काम त्यांचंच.

नंतर मी पुण्याला बदली करून घेतली. दोनेक वर्षांनी अण्णा थकले. शेवटी शेवटी मीच त्यांना माझ्या उजव्या खांद्यावर घेऊन पलंगापासून मोरीपर्यंत नेत असे. ते शांतपणे गेले, पाठीवर निजलेले. त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीच्या कामासाठी बंगळुरात जाणं झालं, आणि पोचल्यावर कळलं की आयुधपूजा, सगळं बंद. पंचांग न बघता निघणाऱ्या पुणेकराची व्हायची ती फजिती. पूजा उरकून निघालेली एक रिक्षा कशीबशी गाठून मी जयनगरला गेलो. फाटक उघडलं, ओट्याच्या पायऱ्या चढू लागलो, आणि खिडकीतून आवाज आला, "कोण? बन्नी, बन्नी! अण्णांनाही आणलंत होय?"

मी मागे वळून बघितलं नाही. आत गेलो. अक्का फार म्हाताऱ्या दिसत होत्या. मांडीवर केळीचं पान, पानावर हळदकुंकवाने माखलेले हात, वर शेवंती. मी म्हटलं, "अक्का, अण्णा गेले." त्या माझ्या उजव्या खांद्याकडे बघत राहिल्या. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो आणि खांदा पुढे केला. त्यांची बोटं फुलांखाली हललेली मला दिसली, पण हात उचलला गेला नाही.

"आज नको," त्या म्हणाल्या. "आज हात ठेवायचा नाही. उद्या या, बघू."

"उद्या पहाटेची गाडी आहे, अक्का."

"मग राहू दे त्यांना," अक्का म्हणाल्या. "आज दोघं बसा असेच. मला स्वल्प कॉफी पाजा."

मी अण्णा पाजत तशी वाटी धरून त्यांना कॉफी पाजली, थोडी सांडली. दुसऱ्या दिवशी गाडी बदलता आली असती, ती मी बदलली नाही. त्यानंतर अक्काही फार दिवस राहिल्या नाहीत. रावांचं पुढे काय झालं ते मला कळलं नाही. आमचा पुण्यातला शिंपी माप घेताना दर खेपेला म्हणतो, "साहेब, उजवा खांदा खाली आलाय, आत पॅड घालून सरळ करून देऊ?" मी म्हणतो, असू दे, बिडी. तो बिचारा टेप गळ्यात टाकतो आणि आपले खिसे चाचपू लागतो.